खिडकीतले बाबा

ठकीला बाबा दोन होते. म्हणजे माणूस एकच, चष्मा एकच, कपाळावरची आडवी आठीसुद्धा तीच. पण घरातले बाबा वेगळे आणि खिडकीतले बाबा वेगळे. हे कुणाला सांगून पटायचं नाही, कारण गावाला खिडकीतलेच बाबा ठाऊक. घरातले बाबा ठाऊक असणारी माणसं जगात दोनच होती, एक ठकी आणि दुसरी तिची आई.

खिडकी होती बसस्टँडवरची. वर पाटी, 'चौकशी'. जाड काचेला बशीएवढं गोल भोक, त्याच्याखाली हात जाईल एवढी फट, आणि आत उंच स्टुलावर बाबा. बावीस वर्षं! स्टँडवरून सुटणाऱ्या एकशे चाळीस गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. नुसत्या वेळा नव्हे हो, कुठल्या थांब्यावर प्यायचं पाणी मिळतं आणि कुठल्या फाट्यावर उतरलं की चिखल तुडवावा लागत नाही, तेही. लोक त्यांना चौकशीकाका म्हणत.

"आजी, दहाची गाडी आहे, पण तिला गर्दी फार. साडेदहाची घ्या, खिडकीशी बसाल. औषधं घेतलीत ना बरोबर?" असं त्यांचं बोलणं. एकदा एका गृहस्थांनी एकच वेळ आठ वेळा विचारली. रांगेतली माणसं दात-ओठ खात होती. बाबांनी आठव्यांदा सांगितली तीही पहिल्यांदा सांगितल्यासारखीच, वर "काही हरकत नाही, साहेब, खात्री केलेली बरी" असंही म्हणाले.

आणि हाच माणूस संध्याकाळी दारात चपला काढायचा, त्या चपलांबरोबर जीभही बाहेरच ठेवून यायचा. 'हं', 'नको', 'बघू' आणि 'नाही', एवढ्या चार शब्दांवर त्यांचा संसार चालला होता. ठकीने "बाबा, मला..." म्हणायचा अवकाश, की पेपरामागून "नाही" आलंच. काय नाही? ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

"सगळा गोडवा त्या भोकातून बाहेर सांडतात आणि घरी रिकामा डबा घेऊन येतात," आई म्हणायची. आईची जीभ तिखट होती. शेजारीण एकदा कौतुकाने म्हणाली, "भाग्यवान बाई तुम्ही! घरी किती बोलत असतील!" त्यावर आई शांतपणे म्हणाली, "बोलतात म्हणजे? कान किटलेत माझे."

ठकी अकरा वर्षांची असताना एकदा बाबा डबा विसरून गेले. आईने तिला पिटाळलं. स्टँडवर बाजूच्या दाराला आतून कडी होती, म्हणून पोरगी बिचारी रांगेत उभी राहिली. मागे लोखंडी ट्रंक घेतलेला एक जाडा माणूस, पुढे दोन बायका. तिची पाळी आली तेव्हा काचेपलीकडून तिचे फक्त केस दिसत असणार. बाबा वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता, साखरेसारख्या आवाजात म्हणाले, "बोला ताई, कुठं जायचंय?"

घरात या आवाजात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. ठकीच्या तोंडून डब्याचं सोडून भलतंच निघालं. "तलावावर. शाळेची सहल आहे, पण घरी नाही म्हणाले."

बाबांचं पेन थांबलं. आवाज ओळखला नसेल असं कसं होईल? पण मान काही वर झाली नाही.

"कधी आहे सहल?"

"शुक्रवारी."

"सोबत कोण?"

"दोन बाई आणि एक सर."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग पाण्यात उतरायचं नाही, ताई. काठावर बसायचं. आणि पाचच्या आत परत. कागद आहे?"

कागद फ्रॉकच्या खिशातच होता, चार दिवसांपासून. तो फटीतून आत गेला आणि सही होऊन बाहेर आला. "पुढचे!" बाबा म्हणाले. ट्रंकवाल्याने तिला हळूच बाजूला केलं. डबा हातातच राहिला होता, त्यामुळे ठकीला पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभं राहावं लागलं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले. पेपर उघडला. सहलीचं नाव नाही की गाव नाही. ठकीही काही बोलली नाही. पण तिला जे कळायचं ते कळलं होतं.

तेव्हापासून तिचा शिरस्ता पडला. घरी 'नाही' झालेलं प्रत्येक प्रकरण ती खिडकीवर न्यायची. फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा लागेल का? घरी सांगायचं धाडस न झालेलं, गणितात नापास होणं. विज्ञान घेऊ की भाषा? बाबा तिला 'ताई' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे, दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि मग उत्तर द्यायचे. प्रत्येक वेळी हो म्हणायचे असंही नाही. मांजराचं पिल्लू पाळायचं का, असं विचारलं तेव्हा क्षणभर विचार करून म्हणाले, "क्षमा करा ताई, त्या मार्गावर आपली गाडी नाही." ठकी हसत हसत घरी आली. 'नाही' ऐकून हसायची तिची ती पहिलीच वेळ. घरी मात्र या साऱ्याबद्दल दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही.

मागे माणसं खोळंबलेली असली की लांबण लावता येत नाही. त्या रांगेने ठकीला सवय लावली, विचारायचं ते एका वाक्यात. आज तिचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, तरी डॉक्टरकडे गेली की बाई एका वाक्यात दुखणं सांगून मोकळी होते. डॉक्टरच गोंधळतो. जुना स्टँडही आता राहिला नाही, तिथे काचेची उंच इमारत आलीय आणि वेळा भिंतीवर आपोआप सरकतात. ठकी तिथून जाताना अजूनही उगाच रेंगाळते. काय शोधते, तिचं तिलाच माहीत.

ती विसाव्या वर्षात होती तेव्हाची गोष्ट. घराजवळच्या शाळेत ती लहान वर्गावर मदतीला जायची. तिथे सहा वर्षांची एक मुलगी होती, तिला ऐकू यायचं नाही. एकदा ठकी कागद कापता कापता गुणगुणत होती, तर त्या मुलीने येऊन तिच्या गळ्यावर तळवा ठेवला. तसाच दाबून धरला. मग दुसरा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि घशातून एक जाडाभरडा आवाज काढला, आणि स्वतःच दचकून हसली. त्या दिवसापासून ठकीला दुसरं काही सुचेना. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं रीतसर शिक्षण मिळतं, हे तिने शोधून काढलं. दोन वर्षांचं. अकरा तासांच्या प्रवासावरच्या शहरात, वाटेत दोनदा गाडी बदलून. अर्ज केला, निवड झाली, कागद आला. वीस तारखेच्या आत उलट टपाली पाठवायचा, आणि खाली एक ओळ होती, 'पालकाची सही'.

घरी विषय निघाला. "नाही," बाबा म्हणाले.

"अहो, ऐकून तरी घ्या!" आई म्हणाली.

"ऐकलं. नाही."

मग आईने मावशीला बोलावून घेतलं. मावशी म्हणजे मुलूखमैदान तोफ, भल्याभल्यांना तिने गप्प केलेलं. पण जो आधीच गप्प आहे त्याला काय करणार? ती दोन तास बोलली. बाबा अकरा वेळा 'हं' म्हणाले आणि शेवटी "नाही". मावशी पाणी पिऊन घरी गेली.

आता राहिली खिडकी. पण इथेच तर घोळ झाला होता. तीन महिन्यांपूर्वी स्टँडच्या साहेबांनी बाबांची जागा बदलली होती. तक्रारीच्या खिडकीवर रोज भांडणं व्हायची, म्हणून साहेबांनी विचार केला, आपल्याकडे सगळ्यांत शांत माणूस कोण? चौकशीकाका. बसवा त्यांना तिकडे. स्टूल तेच, काच तशीच, फक्त चार हात डावीकडे. पाटी तेवढी बदलली. साहेबांना वाटलं, स्वभाव काय, माणसाबरोबर डब्यासारखा जातो.

ठकी गेली तेव्हा रांगेत तिच्यापुढे एक तावातावाने बोलणारा माणूस होता. गाडी दहा मिनिटं आधी सुटली म्हणत होता.

"गाडी वेळेवर सुटली. तुम्ही उशिरा आलात," आतून आवाज आला.

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"लेखी द्या."

ठकीने कान टवकारले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पेपरामागचा आवाज! तोच कोरडेपणा, मान तशीच खाली. साखर कुठे गेली?

रांग पुढे सरकत होती आणि ती ऐकत होती. मोडकी सीट, हरवलेली पिशवी, उद्धट कंडक्टर. जो येई तो बाबांवर आवाज चढवी, जणू गाडी यांनीच मोडली, पिशवी यांनीच पळवली. तिथे उभ्या उभ्या ठकीला एकदम दिसलं. चौकशीच्या खिडकीवर माणसं येत ती अडलेली येत. काका सांगतील, या भरवशावर. आणि घरी? घरी बाबांनी पाय ठेवला की आई नळाचं सांगे, ठकी बुटांचं सांगे, कौलांचं, शेजाऱ्यांचं. एकानेही कधी त्यांना नुसतं काही विचारलं नव्हतं. घरी ते पहिल्या दिवसापासून तक्रारीच्याच खिडकीत बसले होते! तिला वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण वीस तारीख पाच दिवसांवर होती.

"बोला," बाबा म्हणाले. ताई नाही, काही नाही.

"मला शिकायला जायचंय आणि घरी नाही का म्हणतात ते सांगत नाहीत."

बाबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत खिडकीतून त्यांची नजरानजर पहिल्यांदाच झाली. त्यांचे ओठ हलले. काहीतरी येत होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात मागच्या माणसाने छत्रीची मूठ फळीवर आपटली, "अहो, आटपा की!"

"लेखी द्या," बाबा म्हणाले आणि छापील कागदांचा गठ्ठा फटीतून पुढे सारला.

झालं! ठकीचं डोकं सणकलं. लेखी हवं ना? घ्या लेखी. बाकावर बसून, पेन रुतवून तिने कागद भरला. 'तक्रार कोणाविरुद्ध' यापुढे लिहिलं, 'माझे वडील'. 'तक्रारीचे स्वरूप' यापुढे लिहिलं, 'मी वाक्य पुरं करायच्या आत नाही म्हणतात. अनोळखी माणसाला आठ वेळा सांगतात, मला एकदाही सांगत नाहीत.' 'अपेक्षित उपाय' यापुढे लिहिलं, 'सही. ती देणार नसाल तर कारण.' सोबत सहीचा कागद टाचणीने जोडला आणि खिडकीत सरकवला.

बाबांनी वाचलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शिक्का मारला, पोच फाडून दिली. तक्रार क्रमांक तीनशे अठरा. "पुढचे."

घरी येऊन तिने पोच आईला दाखवली तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "अगं कार्टे! या कागदाच्या तीन प्रती निघतात! एक साहेबांच्या टेबलावर जाते. सगळ्या स्टँडभर होईल ना! बावीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एक ओळ नाही कुणाची, आणि पहिली तक्रार कुणाची, तर पोटच्या पोरीची!"

 हे ठकीच्या ध्यानातच आलं नव्हतं. कागद फाडून टाकावा तर त्याला छापील क्रमांक, आणि तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचा नियम. नियम मोडून कागद दडवणं बाबांच्या रक्तातच नव्हतं. आता सही तर जाईलच, वर बाबांची अब्रूही जाईल, आणि ती आपण घालवली. ती आईला म्हणाली, "मी उद्या जाऊन मागे घेते." आई म्हणाली, "दिलेली तक्रार मागे घ्यायलाही लेखीच द्यावं लागतं. गप्प बस आता."

तीन दिवस घरात कुणी कुणाकडे बघेना. बाबांचा 'हं'सुद्धा बंद झाला. एकदा ताटावरून उठून हात धुवायला गेले ते नळ सुरू ठेवून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. आईने जाऊन नळ बंद केला. ठकीला वाटलं, जाऊन पाय धरावेत. पण काय म्हणायचं? इतकं मोठं प्रकरण तिला एका वाक्यात बसवता येईना.

चौथ्या दिवशी सकाळी, बाबा कामावर गेल्यावर, पोस्टमनने खाकी पाकीट आणून दिलं. वर स्टँडचा शिक्का, पत्ता बाबांच्या अक्षरात. आपल्याच घराचा पत्ता लिहून, तिकीट लावून बाबांनी ते टपालात टाकलं होतं! ठकीने पाकीट फोडलं आणि उभ्यानेच वाचलं.

'तक्रार क्रमांक ३१८ बाबत. आपल्या तक्रारीची चौकशी करण्यात आली. तक्रार खरी आहे.

'संबंधित इसम बावीस वर्षे या स्टँडवर बसत आहे. मुलीला गाडीत बसवून देणारे आणि संध्याकाळच्या गाडीतून ती उतरली नाही म्हणून त्याच्या खिडकीशी येऊन रडणारे आईबाप त्याने पाहिलेले आहेत. गाडी कुठे आहे ते त्याला सांगता येत असे. मुलगी कुठे आहे ते सांगता येत नसे. आपण दिलेल्या शहराचा मार्ग त्यास तोंडपाठ आहे व त्यामुळेच त्यास झोप लागत नाही. सबब सदर इसम रागावलेला नसून घाबरलेला आहे, असे चौकशीअंती आढळून आले.

'मात्र ही गोष्ट त्याने तक्रारदारास स्वतःहून सांगावयास हवी होती. संबंधितास समज देण्यात आली आहे. सोबतचा कागद सही करून परत पाठवीत आहे.'

खाली बाबांची सही, आणि तिच्या शेजारी लाल शाईत साहेबांचा एकच शब्द, 'पाहिले'. म्हणजे हे सगळं बाबांनी साहेबांसमोर ठेवलं होतं, सरळ ओळीत, सुवाच्य अक्षरात. ठकी खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

आईने तो कागद दोनदा वाचला, ओठ हलवत. तिचाही पदर डोळ्यांना लागला. मग म्हणाली, "एवढं बोलता येत होतं होय मेल्या माणसाला!" आणि जरा वेळाने, "ठके, टपाल टाकायला जाशील तेव्हा स्टँडवरून मला तक्रारीचा एक कोरा कागद आण. नको, एकाने काय व्हायचंय? गठ्ठाच आण."

ठकीने सहीचा कागद टपालात टाकला तो अठरा तारखेला. संध्याकाळी बाबा आले. चपला काढल्या. दारातच दोघी उभ्या दिसल्या तसे तेही तिथेच थबकले, हातात पिशवी तशीच.

"टाकलं," ठकी म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले.

एरवी इथे संपायचं. ठकी आत निघून गेली असती, पेपर उघडला गेला असता. पण आज ती हलली नाही, आणि आईनेही नळाचं काढलं नाही. दोघी नुसत्या थांबल्या. बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घसा खाकरला.

"पहिली गाडी बदलशील ना," ते म्हणाले, आणि आवाज फाटला. पुन्हा खाकरले. "तिथे डाव्या बाजूला बसू नकोस, ऊन येतं. ड्रायव्हरच्या मागची सीट घे. आणि पोचलीस की लगेच, त्याच दिवशी..."

पुढचं त्यांना बोलवेना. उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ठकी त्यांच्या शेजारी बसली. "त्याच दिवशी पत्र टाकीन, बाबा," ती म्हणाली, "पण तुम्हीही उत्तर टाका."

"टाकीन," बाबा म्हणाले. "लेखी जमतं मला."